दोन संगणक, एकच ओळख : नागपुरातील एका घरपोच संगणक-दुरुस्ती सेवेचा अनुभव

प्रतापनगरातील आमच्या घरात खालच्या खोलीत मी अक्षरजुळणी करते आणि वरच्या खोलीत माझे यजमान मुद्रिते तपासतात. जुळवलेली पाने खालच्या संगणकावरील एका फोल्डरमध्ये ठेवावीत, वरच्या संगणकावरून ती उघडून त्यांवर खुणा कराव्यात आणि त्या खुणा पाहून मी खाली दुरुस्त्या कराव्यात, एवढीच आमची गरज आहे. २०२५ च्या सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ही साधी देवाणघेवाण पूर्णपणे बंद पडली होती. त्या काळात आम्ही दोन निरनिराळ्या तंत्रज्ञांना पैसे देऊन घरी बोलावले. पहिल्याने दोष वाढवून ठेवला, दुसऱ्याने तो शोधून काढला. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्याच्या सेवेचे आहे, परंतु पहिल्याची हकीकत सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे मोल कळणार नाही.

दुसरा तंत्रज्ञ एकटाच काम करतो, दिवसाला दोनच घरे घेतो आणि नाव-क्रमांक कोठेही छापू नये अशी त्याची विनंती आहे, ती मी पाळते आहे. पहिला तंत्रज्ञ ज्या दुकानाचा होता त्याचे नाव मी स्वतःहूनच देत नाही. मला त्या दुकानाशी भांडायचे नाही. घरातील दोन संगणक एकमेकांशी बोलेनासे झाल्यावर तपासणी कोणत्या क्रमाने व्हायला हवी आणि पैसे नेमके कशाचे द्यायला हवेत, हे मला सांगायचे आहे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे आधीच जाहीर झालेले असल्यामुळे आम्ही जुलैमध्येच आमचे दोन्ही जुने संगणक बदलले. सीताबर्डीकडील एका दुकानातून एकाच बनावटीचे दोन छोटे डेस्कटॉप घेतले, दोन्हींवर विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती होती. दुकानदाराने ते ‘तयार करून’ दिले, म्हणजे दोन्हींवर एकाच नावाचे व एकाच पासवर्डचे खाते काढले, खालच्या संगणकावर फोल्डर शेअर केले आणि वरच्या संगणकावर त्याचा मार्ग जोडून दिला. दोन्हीकडे खात्याचे नाव व पासवर्ड सारखेच असल्यामुळे काही न विचारता फोल्डर उघडत असे. पोळा झाला, मारबत निघाली, गणपती बसले आणि उठले, तोवर एकदाही अडचण आली नाही. आम्ही दोघांनीही चार आकडी पिन लावून घेतला आणि मूळ पासवर्ड काय होता हे सुखाने विसरून गेलो.

पितृपक्षातल्या एका सकाळी वरच्या संगणकाने फोल्डर उघडण्याऐवजी नाव आणि पासवर्ड विचारला. यजमानांनी पिन टाकला, तो नाकारला गेला. मी जाऊन माझा पिन टाकला, तोही नाकारला गेला. त्या वेळी आमच्या हातात दोन दिवाळी अंकांची आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर विक्रीला जाणाऱ्या तीन पुस्तिकांची पाने होती. दसरा २ ऑक्टोबरला होता आणि नागपुरात दसऱ्याचे छपाईचे काम एक दिवसही पुढे ढकलता येत नाही, कारण वाचक त्याच दिवशी दीक्षाभूमीवर येतो. आम्ही पेन ड्राइव्ह हातात घेऊन जिना चढउतर करू लागलो. त्याचे जे व्हायचे तेच झाले. एका पुस्तिकेची तपासलेली प्रत पेन ड्राइव्हवर राहिली आणि न तपासलेली छापखान्यात गेली. चार पानांचे पुनर्मुद्रण आमच्या खर्चाने झाले.

पहिला तंत्रज्ञ आला तो मोठ्या लगबगीत. त्याने आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. खालच्या संगणकावर बसून त्याने फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारा, बंद केली, पासवर्डचे संरक्षण काढून टाकले आणि एक फोल्डर शेअर असताना संपूर्ण डी ड्राइव्हच ‘एव्हरीवन’ला, म्हणजे कोणालाही, सर्व अधिकारांसह खुला केला. तरीही फोल्डर उघडला नाही, आणि पुढे मला समजले ते असे की या युक्तीने तो उघडण्याची आशाच नव्हती. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डाविना, पाहुण्या खात्याने दुसऱ्या संगणकात शिरणे मुळातच बंद करून ठेवलेले आहे. शिवाय देवाणघेवाणीतील प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याची संगणकीय सही असलीच पाहिजे अशी सक्ती आहे आणि पाहुण्या खात्याला तशी सही करता येत नाही. दहा वर्षांपूर्वी शिकलेली युक्ती तो २०२५ मध्ये वापरीत होता.

ही युक्ती निरुपयोगी तर होतीच, पण धोक्याचीही होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक बंद पाडले, तो याच फाईल शेअरिंगच्या जुन्या, एसएमबी-१ या पद्धतीतील छिद्रातून पसरला होता. त्या छिद्राची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती, ती ज्यांनी बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोजमध्ये एसएमबी-१ आपोआप बसवणे थांबले. हा इतिहास ठाऊक असलेला माणूस कोणाच्या घरची फायरवॉल बंद करून निघून जाणार नाही. आमचा माणूस गेला, आणि मला ते नोव्हेंबरपर्यंत कळलेही नाही.

दुसऱ्या फेरीत त्याने राऊटर कमजोर असल्याचे निदान केले. इंटरनेट कंपनीचे यंत्र खाली होते. त्यातून वर जाणाऱ्या केबलला त्याने ₹ २,४०० चा नवा राऊटर जोडला आणि वरचा संगणक त्या राऊटरला लावला. इंटरनेट सुरू होते, म्हणून आम्हाला वाटले की काही बिघडलेले नाही. फोल्डर मात्र बंदच राहिला. तिसऱ्या फेरीत ‘विंडोज करप्ट आहे’ असे म्हणून वरच्या संगणकावर त्याने फॉरमॅट मारला. खिशातील डिस्कवरून चाळीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले, अगदी पूर्ववत, दोषासह. एकूण ₹ ३,६०० देऊन आम्ही जेथे होतो तेथेच, खरे तर त्याच्याही एक पायरी खाली होतो.

दिवाळी पेन ड्राइव्हवरच गेली. नोव्हेंबरात एका छापखान्याच्या मालकांनी हा दुसरा मुलगा सुचवला. तो सांगितलेल्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला आणि उशीर का झाला हेही त्याने सांगितले नाही. ही त्याच्या सेवेतील पहिली उणीव येथेच नोंदवते. मात्र बसल्यावर त्याने संगणकाला हातही लावला नाही. “काकू, हे पहिले चालत होतं ना? मग बंद कधीपासून झालं, आणि बंद झालं तेव्हा पडद्यावर नेमकं काय लिहून आलं, ते आठवून सांगा जी,” हा त्याचा पहिला प्रश्न. वरून खाली उघडत नाही की खालून वरही उघडत नाही, हा दुसरा. आणि मधल्या काळात कोणी कोणी हात लावला, हा तिसरा. पहिल्या तंत्रज्ञाच्या तिन्ही फेऱ्यांची हकीकत त्याने वहीत लिहून घेतली. या पंधरा मिनिटांसाठीच मी त्याला ₹ ५०० भेटीशुल्क आनंदाने दिले असते.

त्यानंतर तो ज्या क्रमाने गेला तो क्रम मला फार पटला. त्याचे म्हणणे असे की दोन संगणकांमधील संवाद हा जिन्यासारखा असतो, खालची पायरी तपासल्याशिवाय वरचीवर पाय ठेवू नये. आधी तार, मग पत्ता, मग नाव, मग दार, मग ओळख आणि सर्वांत शेवटी अधिकार. बहुतेक लोक अधिकारांपासून सुरुवात करतात, कारण ती खिडकी चटकन उघडता येते.

तारेच्या पायरीवरच एक दोष सापडला, ज्याची आम्ही तक्रारही केली नव्हती. वर जाणारी केबल सेकंदाला एक हजार मेगाबिटची असूनही संगणक शंभरवरच जोडला गेला होता. एक हजाराच्या वेगाला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. एखादी जोडी टोकाशी नीट बसली नसेल तर यंत्रे तक्रार न करता कमी वेगावर समाधान मानतात. त्याने दोन्ही टोके कापून नवे कनेक्टर बसवले. आमच्या दिवाळी अंकाच्या चित्रांचा फोल्डर सुमारे १२ जीबीचा आहे. शंभराच्या जोडणीवर सेकंदाला साधारण ११ एमबी जातात, म्हणजे त्या फोल्डरला अठरा मिनिटे लागत. आता तो दोन मिनिटांच्या आत जातो. जुलैपासून आम्ही हा संथपणा ‘फाईल मोठी आहे’ म्हणून सोसत होतो.

पत्त्याच्या पायरीवर पहिल्या तंत्रज्ञाची करामत उघडकीस आली. दोन्ही संगणकांवर आयपीकॉन्फिग ही कमांड चालवून त्याने पत्ते लिहून घेतले. खालच्याचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि वरच्याचा १९२.१६८.० ने. नव्या राऊटरने वरच्या मजल्यावर आपले स्वतंत्र जाळे थाटले होते आणि ते घरच्या मूळ जाळ्याच्या पोटात बसले होते. अशा रचनेत आतला संगणक बाहेरच्यापर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे इंटरनेटही चालते, पण बाहेरच्याला आतला दिसत नाही आणि नावाने शोधाशोध तर दोन्हीकडून थांबते. एकाच घरात दोन पिनकोड पडावेत तसा हा प्रकार होता. त्याने राऊटर फेकायला सांगितले नाही. त्याला अॅक्सेस पॉइंटच्या, म्हणजे स्वतःचे जाळे न थाटता फक्त जोडणी पुढे देण्याच्या, पद्धतीवर लावले, पत्ते वाटण्याचे काम खालच्या यंत्राकडेच ठेवले आणि खालच्या संगणकाचा पत्ता त्या यंत्रात कायमचा राखून टाकला, जेणेकरून वीज जाऊन आली तरी तो बदलू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते-येते हे येथील वाचकांना सांगायला नको.

आता पिंगला, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला मारलेल्या हाकेला, दोन्हीकडून उत्तर येऊ लागले, पण नेटवर्कच्या यादीत संगणक दिसेनात. नवे जाळे दिसले की विंडोज ११ त्याला आपणहून ‘पब्लिक’ समजते, म्हणजे रेल्वे स्थानकावरील वायफायसारखे अनोळखी, आणि तेथे आपला संगणक लपवून ठेवते. हे योग्यच आहे, पण घरचे जाळे ‘प्रायव्हेट’ असल्याचे आपण सांगावे लागते. वरच्या संगणकावर ते कोणी सांगितले नव्हते. तेवढे बदलून, फायरवॉल पुन्हा सुरू करून, तिच्यात फक्त फाईल शेअरिंगला घरच्या जाळ्यापुरती वाट देऊन त्याने पाहिले. दोन्ही संगणक यादीत उगवले. यादीत दिसणे आणि उघडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हेही त्याने बजावले. यादीत नाव नसले तरी मार्गाच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे पत्ता लिहिला तर फोल्डर उघडू शकतो, आणि यादीत नाव असले तरी तो उघडेलच असे नाही. पत्त्याने उघडत असेल आणि नावाने उघडत नसेल तर दोष नाव शोधण्यात आहे, दोन्हीने उघडत नसेल तर पुढच्या पायरीवर जावे. जिला ८००७००३५ हा क्रमांक लागलेला असतो, त्या ‘मार्ग सापडला नाही’ अशा सूचनेच्या वेळी ही कसोटी सर्वांत कामाची आहे.

दार म्हणजे ४४५ क्रमांकाचे पोर्ट. फाईल शेअरिंग याच दारातून चालते. पॉवरशेल या कमांड लिहिण्याच्या खिडकीतील एका कमांडने त्याने ते उघडे असल्याची खात्री केली. म्हणजे तार, पत्ता, नाव आणि दार चारही ठीक होते आणि तरीही पासवर्ड नाकारला जात होता.

येथे त्याने आमची एक चूक दाखवली. पिन हा त्या त्या यंत्रापुरता असतो. तो नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरायला चालत नाही, तेथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही तेही नेटवर्कवरून चालत नाही. त्याने खालच्या संगणकावर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळे खाते काढले, त्याला पासवर्ड दिला, वरच्या संगणकाच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधील, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतील, जुन्या नोंदी पुसल्या आणि नव्या नावाने प्रयत्न केला. पासवर्ड अक्षर न अक्षर बरोबर होता. संगणकाने सांगितले, चूक आहे.

माझी अपेक्षा होती की आता हाही ‘फॉरमॅट मारू’ असे म्हणेल. त्याऐवजी त्याने खालच्या संगणकाचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे त्यातील घडामोडींची नोंदवही, उघडला आणि नोंदी वाचत बसला. नाकारण्याच्या प्रत्येक वेळेला तेथे ६१६७ क्रमांकाची एक नोंद पडली होती, यंत्राच्या ओळखीत अंशतः विसंगती असल्याचे सांगणारी. तो हसला आणि म्हणाला, “काका, तुम्ही वर जा. मी सांगतो ती कमांड लिहा, आणि जो लांब आकडा येईल तो मोठ्यानं वाचा.”

कमांड होती हूअॅमआय, आणि तिच्यापुढे एक छोटी जोडणी. तिच्या उत्तरात एसआयडी नावाची ओळख दिसते. एस-१-५-२१ अशा सुरुवातीनंतर तीन लांबलचक संख्या येतात, त्या यंत्राच्या असतात, आणि शेवटी खात्याचा क्रमांक असतो. यजमान जिन्याच्या वरच्या टोकाशी उभे राहून आकडे वाचू लागले आणि मी खालच्या पडद्यावर बोट ठेवून जुळवू लागले, जसे आम्ही मूळ हस्तलिखित आणि मुद्रित गेली वीस वर्षे जुळवतो. शेवटच्या १००१ पर्यंत एकाही आकड्याचा फरक निघाला नाही. आमच्या व्यवसायात दोन प्रती अशा तंतोतंत जुळल्या की समाधान वाटते. त्या दिवशी हे जुळणे हाच रोग होता.

याचा अर्थ असा की दुकानदाराने एक संगणक तयार करून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रतिकृती दुसऱ्यावर उतरवली होती आणि फक्त संगणकाचे नाव बदलले होते. नाव बदलल्याने एसआयडी बदलत नाही. प्रतिकृती काढण्यापूर्वी सिसप्रेप नावाचे साधन चालवून यंत्राची ओळख पुसावी लागते, म्हणजे नवे यंत्र सुरू होताना स्वतःची नवी ओळख तयार करते. वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी हे टाळले जाई आणि त्याचे फारसे काही बिघडतही नसे. न्यायाने सांगायचे तर २००९ मध्ये मार्क रुसिनोविच या नामवंत विंडोज-तज्ज्ञानेच सारख्या एसआयडीचा धोका ही दंतकथा असल्याचे लिहिले होते आणि तो बदलून देणारे न्यूएसआयडी हे साधन मागे घेतले होते. तरीही सिसप्रेपशिवाय काढलेल्या प्रतिकृतींना मायक्रोसॉफ्टचा अधिकृत पाठिंबा नव्हताच. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या विंडोज ११ च्या अद्ययावतीकरणांत ओळखीची तपासणी कडक झाली आणि सारख्या एसआयडीचे संगणक एकमेकांचे पासवर्ड नाकारू लागले. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने तसे स्पष्ट केले. आमचा फोल्डर सप्टेंबरमध्येच का बंद पडला याचे उत्तर येथे मिळाले, आणि पहिल्या तंत्रज्ञाच्या फॉरमॅटने काहीच का साधले नाही याचेही. तो तंत्रज्ञ त्याच दुकानाचा होता. त्याने खिशातील डिस्कवरून जी प्रतिकृती पुन्हा उतरवली, ती तीच होती.

उपाय शेवटी फॉरमॅटचाच निघाला, हे ऐकून यजमान थोडे खट्टू झाले. पण दोन्ही फॉरमॅटमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर होते. याने वरच्या संगणकाची निवड केली, कारण तेथे मजकूर कमी होता. आधी सर्व फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवून मला मोजून दाखवल्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मूळ विंडोज आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घेऊन ती कोरी बसवली. यंत्र तेच असल्यामुळे परवाना आपोआप ओळखला गेला. नंतर त्याने पुन्हा एसआयडी वाचायला लावला, तेव्हा पहिल्या संख्येतच फरक निघाला, आणि त्या खात्याने, त्या पासवर्डने फोल्डर पहिल्या फटक्यात उघडला.

अधिकारांची पायरी त्याने शेवटी घेतली आणि तीही समजावून. संपूर्ण ड्राइव्हचे शेअरिंग काढून टाकून फक्त मुद्रितांचा फोल्डर खुला ठेवला. शेअरचा अधिकार आणि डिस्कवरील फोल्डरचा अधिकार असे दोन पहारे असतात आणि त्यांतील जो कडक असेल तोच चालतो. म्हणूनच एकीकडे सर्व मुभा दिली तरी दुसरीकडची मनाई पुरेशी ठरते आणि माणूस तासन्‌तास चुकीची खिडकी न्याहाळत बसतो. छापखान्यात जाणाऱ्या अंतिम पानांचा उपफोल्डर त्याने यजमानांना केवळ वाचण्यापुरता ठेवला. ही सूचना माझी होती, पुनर्मुद्रणाचा खर्च आठवून केलेली.

दोन बैठकांत मिळून सुमारे सहा तास त्याने दिले. भेटीशुल्क ₹ ५००, विंडोज बसवण्याचे ₹ १,०००, केबलच्या टोकांचे ₹ १५०, एकूण ₹ १,६५०. पावती मागितल्यावर दिली, आपणहून दिली नाही. वहीत त्याने काय काय केले याची सविस्तर नोंद होती, पण तिची प्रत मात्र मागूनही मिळाली नाही, मी मोबाईलवर छायाचित्र काढून घेतले. इतके पद्धतशीर काम करणाऱ्याने ही नोंद गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला हवी.

याहून गंभीर अशा तीन उणिवा आहेत. पहिली अशी की कोऱ्या विंडोजवर आमचे मराठी फॉन्ट आणि कळफलक बसवायचे राहून गेले. पीडीएफ फाईली ठीक दिसत होत्या, कारण त्यांच्या पोटात फॉन्ट असतो. परंतु जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या मूळ फाईली वरच्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या रांगा म्हणून उघडल्या. तो माझा अर्धा दिवस गेला. आमचा व्यवसाय त्याला ठाऊक होता, त्याने हे विचारायला हवे होते.

दुसरी उणीव शेअरिंगच्या खात्याच्या पासवर्डची. त्याने तो सोपा ठेवला आणि जिन्यातून मोठ्याने सांगितला. त्या रात्री मी तो बदलला, तर सकाळी वरचा संगणक पुन्हा अडला आणि आम्हा दोघांच्या पोटात गोळा आला. कारण क्षुल्लक होते, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला होता. ती नोंद पुसून नवा पासवर्ड टाकताच काम झाले. पण पासवर्ड बदलल्यास काय करावे हे एका वाक्यात सांगून ठेवणे त्याच्या कामाचाच भाग होता.

तिसरी उणीव सर्वांत महागात पडली. नेटवर्कवरून पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीशी होते. यजमानांनी वरून एक जुने समजून नवे प्रकरण पुसले आणि ते खालच्या टोपलीत सापडेल या भरवशावर दोन दिवस निर्धास्त राहिले. चौदा पानांच्या दुरुस्त्या पुन्हा कराव्या लागल्या. शेअरिंग लावून देणाऱ्याने हा इशारा दिल्याशिवाय उठू नये असे माझे मत झाले आहे. रोजची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्याची व्यवस्था त्यानंतर मी स्वतः लावली.

या तिन्ही गोष्टी धरूनही मी त्याला पाचपैकी चार गुण देईन, आणि कापलेला एक गुण मुख्यत्वे तिसऱ्या उणिवेचा आहे. दुकानदाराला मी फोन करून एसआयडीची गोष्ट सांगितली. ‘सगळे असेच करतात मॅडम,’ एवढेच उत्तर मिळाले. एका दुकानातून एका वेळी दोन-चार संगणक घेणाऱ्या शिकवण्या, दवाखाने, हिशेबनिसांची कार्यालये नागपुरात कमी नाहीत. त्यांच्याकडे सप्टेंबर २०२५ नंतर अचानक बरोबर पासवर्ड चुकीचा ठरू लागला असेल, तर राऊटर विकत घेण्यापूर्वी दोन्ही पडद्यांवरचे ते आकडे एकदा वाचून पाहावेत, पाच मिनिटांचे काम आहे.

सध्या हा मुलगा रविवारी काम करीत नाही, दुपारी एक ते चार फोन उचलत नाही आणि आठवडाभर आधी सांगितल्याशिवाय येत नाही. तो येण्यापूर्वी दोन्ही संगणकांच्या खात्यांचे खरे पासवर्ड शोधून ठेवावेत, पडद्यावर आलेल्या सूचनेचे छायाचित्र काढून ठेवावे आणि आधी कोणी काय बदलले ते लिहून ठेवावे, म्हणजे त्याचा आणि आपला किमान एक तास वाचतो. ₹ २,४०० चा तो राऊटर आमच्या वरच्या मजल्यावर आता केवळ वायफाय पसरवण्याचे काम करतो, आणि गच्चीवर बसून मुद्रिते वाचायची यजमानांची सोय झाली आहे, हेही नोंदवून ठेवते.